दुर्गम गावांचं किराणा-अनुदान: त्यात कोल्ड्रिंक ठेवायचं की वगळायचं?

नुनावुत हा कॅनडाच्या उत्तर टोकाचा प्रदेश. महाराष्ट्राच्या साडेसहा पटींहून मोठा, आणि लोकवस्ती २०२१ च्या जनगणनेनुसार ३७ हजारांच्या आत. गावं २५. एकाही गावाला बाहेरून रस्ता येत नाही, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तरी विमानच धरावं लागतं. दुकानातला माल दोनच वाटांनी येतो. वर्षभर विमानाने, नाहीतर समुद्रातला बर्फ फुटल्यावर उन्हाळ्यात येणाऱ्या जहाजाने. दूध, फळं, भाजी, अंडी जहाजाची वाट बघत थांबू शकत नाहीत. ती विमानानेच येतात, आणि विमानाचं भाडं किलोवर लागतं. त्या भाड्याचा काही भार सरकारने उचलला नाही, तर ताजं अन्न सामान्य घराला परवडणारच नाही.

इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नावर: सरकारने कोणत्या मालाचा भार उचलायचा? पिठाचा आणि दुधाचा उचलायचा हे सगळ्यांना मान्य आहे. कोकच्या कॅनचाही उचलायचा का?

हा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे, किंवा निदान त्यावर मत द्यायचं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. सार्वजनिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी, उत्तरेकडे नोकरीला जाणारे आपले डॉक्टर-परिचारिका, कॅनडात मतदान करणारे मराठी लोक, अशा कुणावरही ही वेळ येऊ शकते. तीन देशांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या आहेत: अलास्कात अमेरिकेने, उत्तरेत कॅनडाने आणि आदिवासी वस्त्यांमध्ये ऑस्ट्रेलियाने. माझं मत आधीच सांगते. गोड पेयं अनुदानातून वगळावीत. मात्र वगळली की लोक ती प्यायची थांबतील, हे कारण मला पटत नाही. माझं कारण वेगळं आहे, आणि ते वजनाशी जोडलेलं आहे.

अलास्का: वजन भरलं की माल निघाला

अलास्काच्या बहुतेक गावांनाही रस्ता नाही. तिथे सरकारने अन्नासाठी वेगळी योजना काढली नाही, टपालखातंच कामाला लावलं. सत्तरच्या दशकापासून चालू असलेल्या या व्यवस्थेला 'बायपास मेल' म्हणतात, कारण माल टपाल कार्यालयात न जाता थेट विमान कंपनीकडे जातो. अँकरेज किंवा फेअरबँक्सचा घाऊक व्यापारी किमान हजार पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचारशे किलोंचा माल पॅलेटवर, म्हणजे लाकडी तळावर, रचतो, प्लास्टिकने घट्ट गुंडाळतो आणि विमानतळावर देतो. तिथून तो बेथेल, नोम, कॉट्झब्यू अशा मोठ्या ठाण्यांवर उतरतो आणि पुढे लहान विमानांनी गावोगाव जातो. व्यापारी भरतो साध्या पार्सलचा दर. विमानाचा खरा खर्च त्याहून कितीतरी जास्त, आणि मधली तूट टपालखातं सोसतं. टपालखात्याच्याच महानिरीक्षक कार्यालयाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात, २०१० या आर्थिक वर्षातली ही तूट ७.३ कोटी डॉलर दाखवली होती.

इथे माल काय आहे हे फारसं कुणी विचारत नाही. पॅलेटवर सफरचंदं असोत, डायपर असोत की कोल्ड्रिंकचे क्रेट, दर तोच. दारू मात्र अमेरिकेच्या टपालातून पाठवताच येत नाही, म्हणजे वस्तू बघून 'ही नाही' म्हणायची पद्धत तिथेही मुळात आहेच.

या व्यवस्थेच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिली, ती सोपी आहे. यादी नाही, त्यामुळे यादीवरून भांडण नाही, प्रत्येक डब्याचं लेबल वाचणारा कारकून नाही. दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. ही टपालाची वजनं आहेत म्हणून त्या मार्गांवर विमानं उडतात. २००२ च्या कायद्याने टपालाच्या वाटपाची प्रवासी सेवेशी सांगड घातली. ज्या कंपन्या प्रवासी नेतात त्यांच्याकडे मालाचा मोठा हिस्सा जातो. म्हणजे आजीला दवाखान्यात न्यायचं विमान काही अंशी कोल्ड्रिंकच्या वजनावरही उडतं. अलास्कासाठी गोड पेयं काढायचा निर्णय घेणाऱ्याने हा धागा आधी तपासावा. वजन घटलं तर फेऱ्या घटतील का, हा तिथल्या माणसाच्या जिवाशी निगडित प्रश्न आहे.

कॅनडा: यादी, आणि यादीत कोल्ड्रिंक नाही

कॅनडातही सुरुवात टपालानेच झाली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून टपालखात्यामार्फत उत्तरेला अन्न पाठवण्याची सवलत होती. तीच पुढे 'फूड मेल' म्हणून ओळखली गेली. ३१ मार्च २०११ ला ती बंद झाली आणि १ एप्रिलपासून 'न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा' आली. पैशांची वाट बदलली. पूर्वी पैसे वाहतुकीला जात, आता ते नोंदणीकृत दुकानदार आणि पुरवठादारांना किलोमागे मिळतात, आणि त्यांनी ते गिऱ्हाइकाच्या किमतीत उतरवायचे असतात. दर गावागणिक वेगळा, मालागणिकही वेगळा. २०१९ पासून दूध, गोठवलेली फळं-भाज्या, बाळांचं दूध आणि बाळांचं अन्न यांना सर्वांत वरचा दर आहे. कोल्ड्रिंक, वेफर्स, गोळ्या-चॉकलेटं यांना काहीच नाही.

कागदावर ही रचना मला अलास्काच्या रचनेपेक्षा बरी वाटते. सार्वजनिक पैसा मोजका असेल तर तो कुठे टाकायचा हे ठरवायलाच हवं. पण कागद आणि दुकान यांत अंतर आहे, आणि ते अंतर दोन ठिकाणी दिसतं.

एक म्हणजे दुकानदाराचा गल्ला. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी २०१४ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की अनुदान पूर्णपणे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतं की नाही, याची योजना चालवणाऱ्या खात्याने खातरजमाच केलेली नाही. त्यानंतर, २०१६ पासून, बिलावर अनुदानाची रक्कम वेगळी छापायची अट आली. ही अट मला फार मोलाची वाटते. दुधाच्या ओळीखाली 'इतकी बचत' असं छापून आलं की आई काउंटरवरच विचारू शकते, मागच्या महिन्यात एवढी होती, आता कमी का? तरी छापलेला आकडा म्हणजे उतरलेली किंमत नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने हिशेब मांडला, की वाढवलेल्या अनुदानाच्या डॉलरमागे सुमारे ६७ सेंटच किमतीत उतरले, आणि जिथे एकच दुकान आहे तिथे त्याहूनही कमी.

दुसरी गोष्ट म्हणजे भूक. नुनावुतमध्ये पोटभर अन्नाची खात्री नसलेल्या घरांचं प्रमाण २०१० मध्ये, योजना येण्याच्या आदल्या वर्षी, ३३.१ टक्के होतं. २०१४ मध्ये ते ४६.६ टक्के झालं. हे योजनेमुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण यादी नीट केली म्हणून ताटं भरली नाहीत, एवढं त्यातून दिसतंच. भाडं कमी केल्याने महाग वस्तू थोडी स्वस्त होते. ज्या घरात पैसाच नाही त्या घराला ती थोडीशी सूट पुरत नाही.

मुख्य अडचण: कोल्ड्रिंक सहसा विमानाने येतच नाही

आता या आढाव्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तो कळल्याशिवाय कुणी मत देऊ नये.

कोल्ड्रिंक नासत नाही. म्हणून उत्तरेतले दुकानदार वर्षभराचा साठा उन्हाळी जहाजावर मागवून ठेवतात. जहाजाचं भाडं विमानाच्या मानाने बरंच कमी. कॅनचे खोके गोदामात रचून ठेवले की हिवाळाभर विकता येतात. वसंतात, जहाज यायला अजून अवकाश असताना, साठा संपत येतो आणि मग विमानाने आणलेल्या कॅनची किंमत एकदम चढते.

म्हणजे विमानभाड्याच्या अनुदानातून कोल्ड्रिंक वगळलं तरी वर्षाचे बरेच महिने त्याच्या किमतीला धक्काही लागत नाही. दूध विमानाने येतं म्हणून महाग, कोल्ड्रिंक जहाजाने येतं म्हणून स्वस्त. अनुदान हा फरक थोडा भरून काढतं, उलटवत नाही. 'वगळा, म्हणजे लोक कमी पितील' असं म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो. आणि 'वगळून गरिबावर अन्याय झाला' असं म्हणणाऱ्यांचाही इथेच चुकतो, कारण गरिबाच्या हातातला कॅन बहुतेक वेळा जहाजाचा असतो.

मग वगळायचं कशाला? वजनासाठी. हे जरा जवळून बघू या. २४ कॅनचा एक खोका घ्या, कॅन ३५५ मिलिलिटरचा. कॅनमागे साखर साधारण ३९ ग्रॅम, म्हणजे खोक्यात ९३६ ग्रॅम. खोक्याचं वजन नऊ किलोंच्या थोडं वर. त्यातून साखर आणि अॅल्युमिनियम काढलं तर उरतं आठेक किलो पाणी. म्हणजे या खोक्याला अनुदान द्यायचं झालं तर सरकार एक किलोपेक्षा कमी साखर आणि आठ किलो पाणी विमानात चढवण्याचे पैसे भरणार. त्याच नऊ किलोंत दुधाची भुकटी नेली तर गावात ऐंशी-नव्वद लिटर दूध तयार होतं. विमानाची जागा आणि सरकारचा पैसा दोन्ही मर्यादित असताना या दोघांत निवड करणं मला अजिबात कठीण वाटत नाही.

हा वजनाचा निकष लावला की बाकीच्या वादांचाही बराचसा निकाल लागतो. डाएट कोक घ्या. साखरेचा निकष लावला तर तो पात्र ठरतो, कारण त्यात साखर नाही. वजनाचा लावला तर तोही बाद, कारण तेही पाणीच. फळांच्या रसाचंही तसंच: बाटलीतला तयार रस आणण्यापेक्षा गोठवलेला घट्ट रस किंवा गोठवलेली फळंच आणावीत. बाळाच्या दुधाची भुकटी आत, पातळ तयार दूध शक्यतो बाहेर. साखरेचा निकष लोकांच्या सवयींवर बोट ठेवतो. वजनाचा निकष फक्त विमानाच्या पोटातल्या जागेचा हिशेब मागतो. ज्या माणसाला आयुष्यभर बाहेरच्यांनी 'काय खावं' हे शिकवलं, त्याला हा दुसरा हिशेब ऐकून घेणं सोपं जातं.

पाण्याचा प्रश्न सोडून हा निर्णय घेता येत नाही

एका बाबतीत मात्र वजनाचा निकषही तोकडा पडतो. नळाचं पाणी पिण्याजोगं नसेल तर?

१२ ऑक्टोबर २०२१ ला नुनावुतची राजधानी इकालुइटमध्ये आणीबाणी जाहीर झाली. शहराच्या पाण्यात इंधन मिसळल्याचं आढळलं होतं, आणि पाणी उकळूनही पिता येणार नव्हतं. लोकांनी नदीवरून पाणी आणलं, विमानांनी बाटल्या आल्या. पिण्यावरची बंदी उठायला डिसेंबर उजाडला. ओंटारिओच्या उत्तरेत नेस्कंटागा ही विमानानेच पोहोचता येणारी वस्ती आहे. तिथे 'पाणी उकळून प्या' ही सूचना १९९५ पासून लागू आहे. तिथे जन्मलेली मुलं मोठी होऊन आई-बाप झाली, तरी नळाचं पाणी सरळ पेल्यात घेण्याची सोय झालेली नाही.

अशा गावात मुलाच्या हातात कोल्ड्रिंक दिसलं तर आधी नळाकडे बघावं. तिथे बाटलीबंद पाण्याला अनुदान हवंच, मग ते कितीही जड असो. आणि जल शुद्धीकरणाचा खर्च आरोग्याच्या खात्यातूनच समजावा. गोड पेयं वगळून उरलेला पैसा पाण्यावर खर्च होणार नसेल, तर त्या गावापुरतं वगळण्याचं समर्थन मला करता येत नाही.

ऑस्ट्रेलिया: भाडं बाजूला, रॅकवर काम

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत आर्नहेम लँडमध्ये 'आल्पा' नावाची आदिवासींच्याच मालकीची संस्था १९७२ पासून दुकानं चालवते. फळं-भाज्यांच्या वाहतुकीचा भार ती आपल्या पैशातून उचलते, आणि साखरेवरचं काम दुकानाच्या आत करते. २०१८ मध्ये मोनॅश विद्यापीठ आणि मेंझिस संस्थेच्या संशोधकांबरोबर तिने एक प्रयोग केला. २० दुकानं, १२ आठवडे. त्यांतल्या निम्म्या दुकानांमध्ये गोड वस्तूंवरच्या सवलती आणि जाहिराती थांबवल्या, ठळक जागी मांडणं बंद केलं, मोठ्या बाटल्या फ्रीजमधून काढल्या, आणि कोणत्या पेयात किती साखर आहे ते दिसेल अशा पट्ट्या लावल्या. विक्री बंद केली नाही. ज्याला हवी त्याला मोठी बाटली मिळत होती, फक्त थंडगार हातात येत नव्हती. खरेदीतून घरी जाणारी साखर २.८ टक्क्यांनी कमी झाली आणि दुकानांचा नफा घटला नाही.

२.८ टक्के हा आकडा लहान वाटेल. पण तो फक्त दुकानातल्या बदलांनी, तीन महिन्यांत, कुणावर कसलीही सक्ती न करता मिळालेला आहे, आणि दुकान तोट्यात जाईल ही भीती त्याने खोटी ठरवली. गावात एकुलतं एक दुकान असतं तेव्हा ही भीती साधी नसते, दुकान बसलं तर गावच अडतं. त्याआधी त्याच भागात फळं-भाज्यांवर २० टक्के सूट देऊन बघितली होती. त्या काळात फळं-भाज्यांची खरेदी १२.७ टक्क्यांनी वाढली. भाजी स्वस्त करणं हे भाजीसाठीच चांगलं. साखर कमी करायला वेगळं काम लागतं, असा या दोन प्रयोगांचा अर्थ मी लावते.

यादी कोणी लिहायची

ग्रीस फियॉर्ड हे कॅनडाचं सर्वांत उत्तरेकडचं नागरी गाव. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकच्या उत्तर भागातल्या इनुइट (उत्तरेतल्या मूळ रहिवासी) कुटुंबांना तिथे आणि रेझोल्यूट या गावी नेऊन वसवलं. शिकार मुबलक आहे, नको वाटलं तर परत या, असं सांगून नेलं, आणि परत येण्याची वाट दिली नाही. २०१० मध्ये सरकारने त्याबद्दल माफी मागितली. तिथे विमानाने दूध पोहोचवणं महाग पडतं हे खरं, पण ती माणसं तिथे कुणामुळे आहेत हे विसरून 'आमच्या पैशावर काय खाता' असं विचारणं मला शोभणारं वाटत नाही. ते अनुदान म्हणजे उपकार नाही, देणं आहे.

म्हणून यादी वजनावर असावी, आणि तरीही ती राजधानी ओटावात बसून लिहू नये. गावच्या माणसांनी लिहावी. गावच्या मागणीतून चांगला निर्णय कसा निघतो, याचं उदाहरणही आहे. २०२० पासून कॅनडाच्या याच योजनेतून शिकारीला आणि मासेमारीला मदत मिळते: बंदुकीच्या गोळ्या, इंधन, जाळी. कॅरिबूचं (उत्तरेतल्या हरणाचं) मांस, सीलचं मांस, 'आर्क्टिक चार' नावाचा मासा यांना विमानभाडं लागतच नाही. हा बदल दुरून आलेल्या सल्ल्यापेक्षा तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं केलेल्या मागणीचा परिणाम आहे, आणि योजनेतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग हाच.

मग निवडायचं काय

नवी योजना आखत असाल आणि पैसा मोजका असेल, तर कॅनडाची यादी घ्या, पण किलोमागे किती अन्न पोहोचतं हा निकष ठेवून. बिलावर बचत छापायची अट पहिल्या दिवसापासून घाला, आणि एकच दुकान असलेल्या गावांत किमतींची स्वतंत्र तपासणी ठेवा. तिथे दुकानदाराला विचारणारं दुसरं कुणी नसतं.

अलास्कासारखी सरसकट व्यवस्था आधीच चालू असेल, तर गोड पेयं एका झटक्यात काढू नका. आधी मार्गावर मालाचं वजन किती आणि त्यात पेयं किती, ते मोजा. प्रवासी फेऱ्यांवर परिणाम होणार असेल, तर पेयांना पूर्ण दर आणि अन्नाला सवलत अशी पायरी ठेवता येते: वजन विमानात राहतं, सवलत मात्र अन्नाला मिळते.

आणि लोकांनी साखर कमी खावी हा तुमचा मुख्य हेतू असेल, तर विमानभाड्याच्या कागदांमध्ये फार वेळ घालवू नका. जहाजावर किती खोके मागवले जातात, ते दुकानात कुठे मांडले जातात आणि त्या गावच्या नळाला कसं पाणी येतं, तिथे जा. अलास्कातल्या 'एसी' (अलास्का कमर्शियल) दुकानांची मालक 'नॉर्थ वेस्ट कंपनी' १९९२ पासून तीच आहे, जी कॅनडाच्या उत्तरेत 'नॉर्दर्न' दुकानं चालवते. सरकारांचे नियम दोन, रॅक मात्र एकाच कंपनीचे. दोन्हीकडच्या गावांनी मिळून तिच्यापुढे आल्पासारख्या मांडणीची मागणी ठेवली, तर ती कोणत्याही अनुदानाची यादी न बदलता पुढच्या जहाजाच्या आधी अमलात येऊ शकते.